फट्टू म्हणा, पण आधी त्याचं ऐका

मंडळी, पोस्ट लांब आहे. विषय कॉम्प्युटर गेममधल्या एका पात्राचा आहे, पण म्हणून लगेच पुढे सरकू नका. गाडी शेवटी कुंडमळ्यावर आणि भुशी धरणावरच येणार आहे, आणि पावसाळा तोंडावर आलाय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जो माणूस वाचतो, विचार करतो आणि "इथून पुढे नको" म्हणतो, त्याला भित्रा ठरवून हसायची सवय आपल्याला लागली आहे. ही सवय वाटते तेवढी साधी नाही. आपल्या मावळ तालुक्यात तिची किंमत माणसांच्या जिवाने चुकती झाली आहे. आणि ही सवय पोरांच्या अंगी मुरवण्यात नुसते पिक्चर आणि रील्स नाहीत, त्यांचे आवडते गेमही आहेत.

ज्यांना हे गेम माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. रोल-प्लेइंग गेम म्हणजे नुसती धडाधड गोळीबारी नव्हे. तुम्ही एक पात्र होता, राक्षस, जादू, भुयारं असलेल्या जगात फिरता आणि वाटेत चार-पाच सोबती जमवता. एक तलवारबाज, एक चोर, एक जखमा बऱ्या करणारा पुजारी. आणि एक हमखास असतो, तो म्हणजे पंडित. जादूच्या पोथ्या वाचणारा, जुन्या लिप्या जाणणारा, अंगाने काटकुळा, बोलायला चाचरणारा. भुयाराच्या तोंडाशी आलं की हा विचारणार, "खरंच आत जायचंय का?" मग तलवारबाज त्याला टोमणा मारणार, आपण खो-खो हसणार आणि आत घुसणार.

एक उदाहरण घेऊ. २०१५ साली ऑब्सिडियन कंपनीचा 'पिलर्स ऑफ इटर्निटी' हा गेम आला. त्यात सुरुवातीलाच आलॉथ नावाचा सोबती भेटतो. एल्फ जातीचा जादूगार, रीतसर शिकलेला, बोलणं अदबशीर, भांडण नको म्हणणारा. आणि भेटतो कुठे? खाणावळीबाहेर, गावच्या टग्यांनी घेरलेला असताना. गंमत अशी की त्याच्या आत इझेलमीर नावाच्या एका आडदांड बाईचा जुना आत्मा जागा झालाय. ती मधेच तोंड उघडते, समोरच्याला वाट्टेल ते बोलते आणि गप्प होते. निस्तरायचं मात्र याने.

मला हे पात्र मनापासून आवडतं, म्हणूनच भांडतोय. लिहिणाऱ्यांनी त्याच्या घाबरटपणाला कारण दिलंय, मारकुटा बाप दिलाय, लपवावं लागणारं गुपित दिलंय. नुसता विनोदी नग म्हणून त्याला उभा केलेला नाही. तरीही खेळणारी पोरं लक्षात काय ठेवतात? इझेलमीरच्या शिव्या. आलॉथ काय सांगत होता ते कुणालाच आठवत नाही. हा दोष मी लेखकांच्या माथी मारत नाही. तो आपल्या कानांचा आहे. आपल्याला दंगा ऐकू येतो, शंका ऐकू येत नाही.

आता हा पंडित भित्रा का असतो ते बघा. त्यामागे मानसशास्त्र-बिस्त्र नाही, चक्क फासा आहे. या सगळ्या गेमांचा आजोबा म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. पुढे त्यात नियम असा ठरला की पात्रात जीव किती, हे फासा टाकून काढायचं. तलवारबाजाला दहा बाजूंचा फासा आणि जादूगाराला चार बाजूंचा. पहिल्या पायरीवरच्या पंडिताच्या नशिबी एकचा आकडा आला, की एखाद्या फुटकळ राक्षसाच्या एका फटक्यात खेळ खलास. मग तो मागे उभा राहणार नाही तर काय छाती काढून पुढे जाणार? त्याची भीती हा साधा हिशोब आहे. आपल्यात जीव किती आणि समोरच्या दांडक्यात जोर किती, हे टोळीत फक्त त्यालाच माहीत आहे.

आणि टोळी जगते कुणामुळे? १९९८ सालचा 'बाल्डर्स गेट' ज्यांनी खेळलाय त्यांना ठाऊक असेल. वाटेत सापडलेली अनोळखी अंगठी नाहीतर कमरपट्टा तसाच चढवला आणि तो शापित निघाला, तर साधासुधा उतरत नाही. तो आधी ओळखायला लागतो, आणि ओळखणार कोण? ज्याच्याकडे विद्या आहे तो. म्हणजे नियमांच्या पातळीवर गेम पंडिताला पूर्ण मान देतो. त्याच्याशिवाय टोळी चार दिवस टिकणार नाही. पण त्याच टोळीच्या गप्पांमध्ये त्याची टर उडवली जाते. नियम खरं बोलतात आणि संवाद खोटं. आपण शिकतो ते संवादांकडून.

अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. बहुतेक गेममध्ये या सोबत्याला बोलायचा अधिकार असतो, थांबवायचा नसतो. तो "नको" म्हणतो, कुरकुरतो, फार तर नाराज होतो. काही गेममध्ये तर नाराजीचा आकडाही दिसतो. पण पाऊल तुमच्या माऊसच्या क्लिकने पडतं आणि तो मुकाट मागे येतो. त्याचं ज्ञान म्हणजे टोळीसाठी फक्त टिप्पणी. तुमची मर्जी असेल तर ऐका.

आता पडद्यावरून उठा आणि कुंडमळ्याला चला.

१५ जून २०२५, रविवारची दुपार. तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसं गेली, पन्नासहून जास्त जखमी झाली. पूल धोकादायक आहे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. फलक होता. नवीन पूल मंजूर झालेला होता. गावातल्या माणसांना तर कुणी सांगायचीही गरज नव्हती, रोजचा पूल त्यांचा. तरी त्या रविवारी पुलावर गर्दी होती आणि गर्दीत दुचाक्याही होत्या, असं बातम्यांत आलं.

फलक म्हणजे काय हो? फलक म्हणजे आपल्या टोळीतला पंडित. कधीतरी कुणा इंजिनिअरने पूल बघितला असणार, गंज बघितला असणार, भाराचा हिशोब केला असणार आणि कागदावर लिहिलं असणार, वापरू नका. त्या कागदाचा पुढे फलक झाला. फलक खांबाला टांगला आणि आपलं कर्तव्य संपलं. गेममधल्या सोबत्याने एक वाक्य म्हटलं, कोपऱ्यात अक्षरं उमटली आणि पुसली गेली, तसंच. पुलाच्या दोन्ही तोंडांना चार लोखंडी खांब रोवून कायमची वाट बंद करायचा अधिकार त्या कागदाला कुणी दिलाच नव्हता. टिप्पणीचा अधिकार होता, नकाराचा नव्हता.

मग अपघात झाल्यावर काय ऐकू आलं? "लोक वाचत नाहीत." अहो, चार दिवसांच्या नोकरीतून एक रविवार काढून पोरांना घेऊन आलेल्या माणसाने गंजाचा अंदाज घ्यायचा का? ते काम ज्याला कळतं त्याचं आहे. पण ज्याला कळतं त्याचा शब्द चालणार नसेल तर त्याला कळून उपयोग काय?

भुशीचं तसंच. ३० जून २०२४ ला पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं, एक बाई आणि चार लहान मुलं, धरणामागच्या धबधब्यात वाहून गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. मी त्याचं वर्णन करणार नाही आणि कृपा करून तो पुन्हा शेअरही करू नका. त्या घराला दोष देण्यासाठीही हे लिहीत नाहीये. ज्या प्रवाहात पाच मिनिटांपूर्वी घोट्याएवढं पाणी होतं, त्यात उभं राहणारी माणसं मूर्ख नसतात. त्यांना एक गोष्ट कुणी सांगितलेली नसते, एवढंच.

ती गोष्ट अशी. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात चार हजारांच्या वर. जोराच्या दिवशी इथे चोवीस तासांत दोनशे मिलिमीटर पडला तर जुन्या माणसांना नवल वाटत नाही. पुण्याच्या मानाने ते भर पावसाळ्यातल्या महिनाभराहून जास्तीचं पाणी झालं. हे पाणी आधी वरच्या पठारावर पडतं. सगळा कातळ, झिरपायला जागा नाही. तुम्ही खाली उभे असता तिथे रिमझिम असते, ऊनही असू शकतं, आणि वरून लोंढा निघालेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की काठावर यायचं. विचार नंतर. मावळातल्या कुठल्याही गुराख्याला हे कळतं. त्याने कुठली पदवी घेतलेली नाही, पण माझ्या लेखी या प्रवाहाचा पंडित तोच आहे. आणि त्याने हाक मारली की काय उत्तर मिळतं? "काका, टेन्शन नका घेऊ."

प्रत्येक ग्रुपमध्येही एक असतो. बूट न भिजवता काठावर उभा राहतो, सारखा आभाळाकडे बघतो, "चला रे आता" म्हणतो. त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहेत. फट्टू. पुस्तकी किडा. मम्माज बॉय. त्याचा रडवेला चेहरा रीलमध्ये टाकून वर हसणारं गाणं लावायचं. पुढच्या वेळी तो "नको" म्हणत नाही. म्हणजे आपण त्याला धीट केलं असं नाही हं. टोळीतला एकमेव डोळस माणूस आपण आंधळा केला.

आता नेहमीची कॉमेंट येणार, मला माहीत आहे. "ही मावळ्यांची भूमी आहे, इथे भित्रेपणा शिकवू नका." शिकवतो. मावळ्यांचाच दाखला देऊन शिकवतो.

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने १६६१ सालच्या फेब्रुवारीत कारतलबखान कोकणात उतरायला निघाला. शाइस्तेखानाने पाठवलेली मोठी फौज होती. खाली उंबरखिंडीच्या अरुंद जंगलात महाराजांनी त्याला गाठलं. पुढे वाट बंद, मागे वाट बंद, दोन्ही अंगांना झाडीत मावळे. खानासोबत रायबागन होती, माहूरची सावित्रीबाई. पदवीच मुळी राजव्याघ्री, म्हणजे तिला कुणी भित्री म्हणायची सोय नाही. तिनेच खानाला सांगितलं, या अरण्यात शिरलास हीच चूक झाली, आता शरण जा. खानाने ऐकलं, खंडणी भरली आणि उरलेली माणसं जिवंत घेऊन निघून गेला. आता सांगा, त्या फौजेत सगळ्यात शूर कोण होतं? आणि घाट उतरायच्या आधीच कुणी नको म्हटलं असतं, तर खानाच्या छावणीत त्याला काय नाव पडलं असतं?

हे झालं शत्रूचं. आपल्या बाजूचं बघू. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले सोडले. त्यात आपला लोहगड होता, विसापूर होता, तुंग आणि तिकोना होते. अख्खं पवन मावळ गेलं म्हणा ना. त्या वेळी कुणी रील काढलं असतं तर खाली काय कॉमेंट आल्या असत्या, याची कल्पना करा. पाच वर्षांत, १६७० मध्ये, लोहगड परत घेतला. मागे कधी फिरायचं हे ज्याला कळतं त्याच्याकडे परत यायला माणसं शिल्लक राहतात. मावळ्याचं चित्र आपण टी-शर्टवर फक्त तलवारीसकट छापतो. त्याच्या डोक्यातला नकाशा छापता येत नाही म्हणून तो नव्हताच असं धरून चालतो.

लोहगड २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, बाकीच्या अकरा किल्ल्यांसोबत. आपण फटाके लावले, छान केलं. पण ते नामांकन घोषणा देऊन झालं नाही. मोजमापं, नकाशे, जुने कागद, पानंच्या पानं लिखाण, अशा कामातून झालं. म्हणजे पंडितांनीच गड जिंकला की हो! त्याच गडाच्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी माणसं इतकी ठासून भरतात की मुंगीला पाय ठेवायला जागा नसते आणि तासन् तास ना वर जाता येतं ना खाली. गर्दीचा हिशोब सांगणाऱ्याला तिथेही कुणी विचारत नाही.

गेमवाल्यांचं दुसरं खोटं म्हणजे पंडित घरकोंबडाच असतो. मावळापुरतं तरी हे साफ चूक आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहायचे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करायचे आणि डेक्कन क्वीनने जा-ये करायचे. म्हणजे रोज लोणावळ्यावरूनच. हा माणूस हातात काठी घेऊन कार्ला-भाजे-बेडसेच्या डोंगरांत मैलोन् मैल चालला. दगडाची बारीक हत्यारं वेचली, गावोगावच्या शेंदूर लावलेल्या देवी बघितल्या, धनगरांना आणि गावकऱ्यांना वाटा विचारल्या, आणि त्या वाटांवरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराचा माग काढला. लेणी याच डोंगरांत का खोदली, तर जुने घाटमार्ग इथून जातात म्हणून, हे आज आपण पर्यटकांना सहज सांगतो. त्यामागे कोसंबींची पायपीट आहे. हाच माणूस अणुऊर्जेचा डंका वाजत असताना उघडपणे म्हणत होता की आपल्या देशाला सूर्याची ऊर्जा परवडेल, तिकडे लक्ष द्या. १९६२ मध्ये संस्थेतली त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. कारणांवर वाद घालणारे घालोत. मला एवढंच दिसतं की "नको" म्हणणारा पंडित भित्रा नव्हता आणि तरीही टोळीबाहेर गेला.

आणि हल्लीचं बघायचं तर शिवदुर्ग मित्रची पोरं बघा. दरीत पडलेल्याला काढायला रात्री-अपरात्री पावसात उतरतात. यांच्याइतकी धाडसी माणसं आपल्या भागात दुसरी नसतील. काम करताना त्यांना कधी नीट बघितलंय? दोर दोनदा तपासणार, गाठ तिसऱ्याने बघितल्याशिवाय कुणी खाली सोडणार नाही, हेल्मेट नसेल तर पुढे यायचं नाही, पाणी वाढलं तर थांबणार. गेमच्या भाषेत सगळे आलॉथ! लांबून बघणाऱ्याला वाटेल किती घाबरतात ही मंडळी.

प्रशासनाचं काय? दरवर्षी पावसाळ्यात मनाई आदेश निघतात, पोलीस शिट्ट्या मारतात, फलक रंगवले जातात. ते नको असं मी म्हणत नाही. पण शनिवार-रविवारी पंचवीस-तीस जागांवर पोलीस पुरणार आहेत का? नाहीत, आणि हे पोलिसांनाही माहीत आहे. म्हणून माझं मागणं वेगळं आहे. प्रत्येक धबधब्याच्या, ओढ्याच्या, पुलाच्या गावातली दोन-चार जाणती माणसं पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी पगारी नेमा. शिट्टी, दोर आणि वॉकीटॉकी द्या. आणि मुख्य म्हणजे वाट बंद करायचा अधिकार द्या. विनंती नव्हे, अधिकार. वर पाऊस वाढला की वरच्या माणसाने खालच्याला कळवायचं आणि खालच्याने साखळी लावायची. साहेबांना फोन लावून परवानगी मागत बसायचं नाही. पैसा कुठून? पार्किंगच्या आणि प्रवेशाच्या नावाने जो गोळा होतो त्यातून.

पुलांचं अजून सोपं आहे. तपासणीचा अहवाल कपाटात ठेवू नका, पुलावर लावा. कधी तपासला, किती माणसं एका वेळी चालतील, पुढची तपासणी कधी, मराठीत, ठळक. आणि "धोकादायक" असा शेरा पडला की त्याच दिवशी दोन्ही तोंडं बंद. नवीन पूल होईपर्यंत गावाची गैरसोय होईल, खरं आहे, शाळेच्या पोरांना वळसा पडेल. त्यांच्यासाठी गाडी लावा. तो खर्च नुकसानभरपाईच्या धनादेशापेक्षा कमीच असेल.

ग्रुपने फिरणाऱ्या पोरापोरींनो, तुम्हाला एकच नियम सांगतो, गेममधून उलटा करून घेतलेला. टोळीतल्या कुणीही एकाने "परत फिरू" म्हटलं की फिरायचं. मतदान नाही, चेष्टा नाही, "अजून पाच मिनिटं" नाही. गेममध्ये आत घुसून मेलात तर जुना सेव्ह उघडता येतो, म्हणून तिथे पंडिताला हसणं परवडतं. आलॉथ पण उठून उभा राहतो बिचारा.

खाली कॉमेंटमध्ये मला फट्टू म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. फक्त सोबत एक आकडा लिहा. कुंडमळ्याच्या त्या जुन्या पुलावर एका वेळी किती माणसं चालू शकत होती? आणि तुमच्या गावच्या साकवावर किती चालतात? माहीत नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आणि काय उत्तर मिळालं तेही इथेच लिहा.